तिम्मव्वाची बारव

निंबारीच्या बंद पडलेल्या स्टेशनापासून माळावर चालत निघाले की दीड कोस छोट्या गाडीचा जुना भराव सुतासारखा सरळ जातो. रूळ कधीच उचलून नेले. उरली आहे खडी आणि तिच्यातून वर आलेली तरवडाची झुडपे. मग ना ओढा आडवा येतो ना खडक, तरी भराव एकदम डावीकडे वळसा घेतो. वळणाच्या पोटात पडक्या देवळाचे चार खांब आहेत, त्यांच्यापुढे यादवांच्या काळातली म्हणतात ती पायऱ्यांची बारव, आणि तिच्या उगवतीला थोडी दूर मातीची एक टेकडी. फिरायला आलेली माणसे इथे हमखास विचारतात, की सपाट माळावर गाडीला वळायची काय हौस आली होती? त्यांना हिंडवणारे केरबा गोफणे आता पंच्याहत्तरीचे आहेत. ते आधी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवतात आणि चुळबूळ थांबल्यावरच सांगायला लागतात.

असे सांगतात, की हा भराव घालायला वडारांची टोळी आली, त्यात तिम्मव्वा नावाची बाई होती. दगड ओळखण्यात तिचा हात कोणी धरत नसे. त्या साली माळावर पाण्याचा टिपूस नव्हता. टोळी डबक्यातले गढूळ पाणी प्यायची, आणि त्याच पाण्याने पटकी आली. तिम्मव्वाचा नवरा दोन दिवसांत गेला. तिसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन कामावर हजर होती, कारण पोट काही थांबत नाही.

बारव तेव्हा गाळाने निम्मी बुजलेली होती. रेल्वेचे काम बघणाऱ्या साहेबाच्या आखणीप्रमाणे ती पुरती बुजवून तिच्यावरूनच रूळ जायचे होते. एका दुपारी तिम्मव्वा भाकर खायला तिच्या पायरीवर बसली. पायरी मधोमध खोलगट झिजली होती. तिने हाताने गाळ सारला, तर खालची पायरी तितकीच झिजलेली. तिच्या खालचीही तशीच. कोरड्या बारवेत इतकी माणसे कशाला उतरली असतील? भाकर तशीच फडक्यात गुंडाळून ती साहेबापुढे जाऊन उभी राहिली.

"सायेब, खाली पानी हाय. बुजवू नगा."

साहेब म्हणाला, "भराव इथे येऊन भिडेल त्या दिवसापर्यंत पाणी दाखव, रूळ वळवतो. नाही दाखवलंस तर बुजवणार."

"दावते," ती म्हणाली. पाणी लागेपर्यंत डोक्यावरची चुंबळ उतरवणार नाही, अशी तिने तिथेच आण घेतली.

दिवसभर भरावाचे काम आणि सांज झाली की बारवेचा गाळ, असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मुकादम हसत म्हणाला, "तिम्मव्वा, तुझ्या मातीनं आमचं काम लई हलकं झालं बघ."

तेव्हा तिच्या ध्यानात आले. जन्मभर पाटी भरली की पाय भरावाकडेच वळायचे, आणि बारवेचा गाळही ती सवयीने तिथेच ओतत आली होती. ज्या भरावाला उशीर व्हायला हवा होता, तोच ती आपल्या हाताने पुढे ढकलत होती. स्वतःच्या पायांचा तिला भयंकर राग आला. मग तिने पाटी भरली आणि उलट्या दिशेला, उगवतीला, दोनशे पावले चालत जाऊन ओतली. खेपा निम्म्या झाल्या, पण ती हटली नाही.

तिच्या जोडीची गुंडव्वा दोन दिवस नुसती बघत होती. तिने विचारले, "एकटी किती उपसशील ग?"

"हुईल तेवढं. थांबायची मात्र न्हाई."

गुंडव्वाने पाटी उचलली. त्या दिवसापासून टोळीतली एकही बाई गाळाची एक पाटी उगवतीच्या ढिगावर, म्हणजे आजच्या टेकडीवर, टाकल्याशिवाय पालावर गेली नाही, म्हणे.

भराव बारवेच्या काठाला येऊन भिडला, तेव्हा तळाला नुसती ओल होती. साहेब वरून म्हणाला, "ओल म्हणजे पाणी नव्हे."

"दिस अजून मावळला न्हाई," तिम्मव्वा खालून म्हणाली आणि तिने कुदळ उगारली. दोन दगडांच्या सांध्यातला गाळ फुटला. पाणी आधी करंगळीएवढे आले, मग मनगटाएवढे. साहेब पायऱ्या उतरून आला, ओंजळभर पाणी प्याला आणि त्याने आखणीच्या पुढच्या खुंट्या उपटायला सांगितल्या.

तिम्मव्वाने चुंबळ उतरवली. नवऱ्याच्या नावाने एक ओंजळ सोडली आणि पोटभर रडली. पण वळण घालून झाले तसे काम पुढे सरकले, आणि कामामागे पालही उठले. पुढच्या माळावर पुन्हा डबकीच होती. निघताना ती निंबारीच्या बायांना एवढेच म्हणाली, "आमाला फुडं जायाचंय. आमच्यासारका कुनी आला तर त्याला आदी पाजा." ती पुन्हा या बाजूला आली नाही.

आजही निंबारीचा माणूस, घसा कितीही कोरडा पडो, या बारवेचे पाणी आधी स्वतः पीत नाही; पुढे जाणारा कोणी असेल तर पहिली ओंजळ त्याची. सांगून झाले की केरबा तळाशी उतरतात, तांब्या भरून आणतात आणि पाहुण्यांकडे बघत विचारतात, "तुमच्यातलं सगळ्यात लांब कोन जानार हाय?"