ढिगातली सळई

"माह्यातला राग गेला, बुवा. आता तरी भगवं द्या."

"कधी गेला?"

"तीन वर्सं झाली. डोमाचं नावसुद्धा काढलं नाही मी."

"हूं..."

वर्धा नदीच्या काठी, कोळशाच्या खाणींच्या मुलखात झामाबुवांचा लहानसा मठ. शिष्य दोनच, पैकाजी आणि डोमा. एका भंडाऱ्याला डोमाने भर पंगतीत पैकाजीला तांदूळचोर म्हटले. तांदूळ पुढे कोठीतच सापडले. डोमा लाजेने निघून गेला. माफी न मागता.

"आज डोमा येणार हाय," बुवा म्हणाले.

"येऊ द्या. मी नदीवर जातो. राग नाही. तोंड तेवढं पाहत नाही त्याचं."

बुवा काठी टेकत अंगणात आले. कोपऱ्यात कोळशाचा ढीग होता. उन्हाळाभर पडून.

"हा कोळसा कसा रे?"

पैकाजीची छाती फुगली. मठात येण्याआधी तो खाणीच्या डेपोत मुकादम होता.

"मधल्या जातीचा. सायेब लोक सब-बिट्युमिनस म्हणत. लिग्नाइटहून बरा, पक्क्या कोळशाहून कच्चा. पोटात पाणी फार. उन्हात ठेवला की तडकते, भुगा होते."

"पोलादाच्या भट्टीत चालते?"

"नाही चालत. भट्टीला लागते तो कोक त्याचा होत नाही. पण वीज त्याच्यावर होते. सिमेंट होते, विटा भाजतात. लवकर पेटते, हा त्याचा गुण."

"आणि अवगुण?"

"तोच."

बुवा हसले. "गार दिसते पण."

"वरून."

"पाणी मारू काय वरून?"

"काही उपयोग नाही, बुवा. वरचा विझल्यासारखा दिसते. आतला..."

पैकाजीची नजर ढिगाकडे गेली.

ढिगात लोखंडी सळई रोवलेली होती. डेपोतल्या सवयीने त्यानेच रोवली होती. ढिगाच्या पोटातली ऊब सळईवरून कळते.

"ओढ," बुवा म्हणाले.

पैकाजीने सळई ओढली, खालचे टोक मुठीत धरले आणि ओरडून टाकून दिली.

"कोणी पेटवला?"

"कोणीच नाही."

"मंग?"

"नुसता पडून राहिला, हवा लागून आतून तापला... दाबून, हवा बंद करून ठेवलं तर टिकते काही दिवस. कायमचं नाही."

बुवांनी त्याचा हात जवळ ओढला. तळव्यावर फुंकर घातली. कोनाड्यातले तूप आणून बोटाने लावले, लहान लेकराला लावावे तसे.

"अशा ढिगाचं डेपोत काय करता?"

पैकाजीला उत्तर ठाऊक होते. तो तळव्याकडे पाहत म्हणाला,

"फोडतो. गरम कोळसा आधी कामाला लावतो... नाहीतर सारा ढीग जळून जाते."

फाटक वाजले.

डोमा बाहेरच उभा होता. वाळला होता. चपला काढून हातात धरलेल्या. आत पाऊल टाकत नव्हता.

"पैकूदादा..." एवढेच म्हणाला.

पैकाजीने नदीकडच्या वाटेकडे पाहिले. मग बुवांकडे. बुवा आभाळ पाहत होते.



पैकाजीने फावडे उचलले. ढीग मधोमध फोडला. आतून वाफ निघाली. पोटातला गरम कोळसा घमेल्यात भरून त्याने शेगडीत ओतला. फुंकावेही लागले नाही. त्याने आधण ठेवले.

"बुवा," तो मान खाली घालूनच म्हणाला, "भगवं...?"

"आलं ठेच आधी," बुवा म्हणाले. "डोमाले बिनआल्याचा चहा चालत नाही."