बाभूळबनातली कणी आणि तुळसाची शीळ

डोंगराच्या कुशीत सांजोळी नावाचं इवलंसं गाव होतं. गाव संपलं की माळ लागायचा, आणि माळ संपला की बाभळींचं बन. बाभळी फुलल्या की सगळं बन पिवळंधमक होऊन जायचं, जणू कुणी मूठमूठ हळद उधळून ठेवली आहे. त्या बनाच्या अलीकडे, कुडाच्या खोपटात रुंजी नावाची एक मुलगी आईबरोबर राहत होती.

रुंजीचा परकर दोन ठिकाणी ठिगळलेला होता आणि पायांत चपला नव्हत्या. पण तिचे डोळे असे लकलकायचे, की शेळीची करडंसुद्धा तिच्याकडे बघत उभी राहायची. तिची आई तुळसा साऱ्या गावाच्या शेळ्या राखायची. गाव तिला त्याबद्दल ज्वारी द्यायचं, आणि त्या ज्वारीवर दोघींची चूल पेटायची.

तुळसाची शीळ दूरदूरवर प्रसिद्ध होती. पुढच्या दातांना जीभ टेकवून ती अशी शीळ घालायची, की ती माळावरून सुळ्ळकन धावत जायची आणि साठच्या साठ शेळ्या माना उंचावून परत फिरायच्या.

पण त्या वर्षी शीळ रुसली. तुळसाच्या हिरड्या लालभडक होऊन सुजल्या आणि पुढचे दात डगमगू लागले. शीळ घालायला जावं तर नुसतं फुस्स! शेळ्यांना फुस्स काय कळणार? एक शेळी ओढ्यापलीकडे गेली ती गेलीच. चार दिवसांनी दुसरी.

दगडूमामा रागारागानं खोपटाशी आले. गावात सर्वांत जास्त शेळ्या त्यांच्याच होत्या.

“तुळसे, गुरुवारच्या बाजारापर्यंत बघतो,” ते म्हणाले. “आणखी एक शेळी चुकली, तर राखण दुसऱ्याकडे देतो. मग माझ्या नावानं बोटं मोडू नकोस.”

“नाही चुकणार, मामा,” तुळसा पदरानं तोंड झाकत म्हणाली. हल्ली ती तोंड झाकूनच बोलायची.

राखण गेली तर ज्वारी जाणार, आणि ज्वारी गेली तर चूल विझणार, हे रुंजीला कुणी सांगायची गरज नव्हती. रविवारी सकाळी ती हरवलेल्या शेळ्या शोधायला एकटीच बाभूळबनात गेली. एकही शेळी दिसली नाही. पण एका फांदीवर, दोन पांढऱ्या काट्यांच्या बेचक्यात, काहीतरी इवलंसं चमचमत होतं.

“अगंबाई, फुलपाखरू अडकलंय वाटतं!” रुंजी म्हणाली. काटे हाताला बोचत होते, तरी तिनं अलगद दोन्ही काटे बाजूला केले. बोटातून रक्ताचा थेंब आला. तो तिनं परकराला पुसला आणि ते चमचमणारं हळूच तळहातावर घेतलं.

ते फुलपाखरू नव्हतं. ती एक परी होती! बाभळीच्या फुलासारखा गोल, मऊ, पिवळा झगा, दवासारखे पारदर्शक पंख, आणि हसली की मोत्यांची चिमुकली ओळ झळकायची.

“मी कणी,” परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणातल्या घुंगरासारखा होता. “काल वाऱ्यानं मला भिरकावलं तेव्हापासून अडकले होते. किती जण खालून गेले, वर कुणी पाहिलंच नाही. तुझं बोट दुखतंय का गं?”

“एवढंसं लागलं त्याला काय दुखायचं!”

“बरं, मग ऐक. तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम दोन आहेत. पहिला, इच्छा स्वतःसाठी मागायची नाही. आणि दुसरा, तोंडातली जादू एकच दिवस टिकते. पुढं ते तोंड ज्याचं, त्यानं ते सांभाळायचं. आणि त्याआधीच तोंडात घाण गेली, तर जादू तिथल्या तिथं उडून जाते.”

रुंजीला विचार करावाच लागला नाही. “माझ्या आईचे दात घट्ट होऊ देत!”

कणीनं पंख झटकले. सोनेरी पराग भुरभुर उडाले आणि खोपटाच्या दिशेनं गेले.

त्या संध्याकाळी माळावर शीळ वाजली. सुळ्ळकन! सगळ्या शेळ्या धूळ उडवत आल्या. तुळसानं दातांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि रुंजीला उचलून गरागरा फिरवलं.

“आई, मला परी भेटली!”

“भेटली असेल बाई, भेटली असेल!” तुळसा हसत म्हणाली. तिला ते खरं वाटलं नाही, पण त्या दिवशी ती कशालाही हो म्हणाली असती.

सकाळी रुंजीला जाग आली ती एका ओळखीच्या जळक्या वासानं. चुलीवर तवा होता आणि तव्यावर तंबाखू भाजली जात होती. ती काळीकुट्ट भाजायची, मग कुस्करून तिची भुकटी करायची. त्या भुकटीला म्हणतात मिश्री. तुळसा रोज सकाळी आणि दुपारी ती बोटानं दातांना घासायची, आणि बोट बराच वेळ तोंडातच ठेवून बसायची.

“आई, नको ना लावूस!”

“वा गं वा! एवढे घट्ट झालेत दात, ते घट्ट ठेवायला नकोत का? मिश्रीसारखी दातांना दुसरी राखण नाही. माझी आई लावायची, तिची आई लावायची.”

“पण आजीला तर एकही दात नव्हता.”

“ते म्हातारपणानं,” तुळसा म्हणाली, आणि तिनं काळं बोट दातांवर फिरवलं.

त्याच क्षणी तिच्या ओठांतून एक सोनेरी ठिपका बाहेर पडला आणि दारातून भुर्रकन उडून गेला. तुळसानं शीळ घालून पाहिली. फुस्स! तिचा चेहरा पडला. “मेलं, काय झालं हे? थांब, आणखी थोडी मिश्री लावते.”

रुंजी धावत सुटली ती थेट बनाकडे. दुसरी इच्छाही आईसाठीच मागायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण वाटेत दगडूमामांचं घर लागलं, आणि आतून रडण्याचा आवाज आला. मामांची नात छबू, जेमतेम पाच वर्षांची, ओट्यावर बसली होती. तिचा गाल लिंबाएवढा सुजला होता.

“दाढ दुखतेय,” छबू हुंदके देत म्हणाली. तिच्या मुठीत गुळाचा खडा होता. रोज रात्री तो गालात धरूनच ती झोपायची. गूळ तोंडात असला की ती रडत नाही, म्हणून घरच्यांनीच तिला ही सवय लावली होती.

रुंजी क्षणभर उभी राहिली. हेच दगडूमामा आपली राखण काढून घेणार होते. पण छबूचा सुजका गाल काही राखण काढून घेणार नव्हता. तिनं छबूचे डोळे पुसले आणि बनाकडे पळाली.

“कणी, छबूची दाढदुखी थांबव!”

“आणि आईचे दात?” कणीनं विचारलं.

“आई दुखण्यानं रडत नाहीये. छबू रडतेय.”

कणी म्हणाली, “थांबवते. पण किडलेली दाढ जादूनं बरी होत नाही, फक्त दिवसभर गप्प बसते. तेवढ्यात तिला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांग.”

रुंजी परत पळत गेली. छबू हसत होती! दगडूमामा तंबाखू मळत म्हणाले, “बघ, गूळ दिला आणि राहिलं.”

“मामा, गुळानं नाही राहिलं. गुळानंच दुखलं. उद्या परत दुखेल. आजच तिला तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे न्या ना!”

“तू कोण गं मला शिकवणारी? आधी तुझ्या आईचं तोंड बघ!” मामा फटकन म्हणाले. रुंजीचे डोळे भरून आले. पण छबूच्या आईनं ते ऐकलं होतं. ती आतून पायांत चपला घालूनच बाहेर आली. “मामंजी, मी निघाले. तुम्ही येताय का मी एकटी जाऊ?” मग मामांनाही गाडी जुंपावी लागली.

आता एकच इच्छा उरली होती. मंगळवारी पहाटे रुंजी अंथरुणात पडून विचार करत होती. दात मागितले तर आई उद्या पुन्हा मिश्री लावणार. जगातली सगळी मिश्री नाहीशी कर म्हटलं, तर माणसं पुन्हा तंबाखू भाजणार. परी दात घट्ट करेल, पण आईचं बोट कोण धरणार?

ती उठली. चुलीपुढे आईच्या शेजारी जाऊन बसली, आणि तुळसानं तळहातावर मिश्री घेताच रुंजीनंही आपलं छोटंसं बोट त्या काळ्या भुकटीत बुडवलं.

“हे काय करतेस!” तुळसानं तिच्या हातावर फटका मारला. मिश्री सांडली. “लाज नाही वाटत? घेरी येईल! हिरड्या सडतील तुझ्या!”

“तू म्हणालीस, दातांना मिश्रीसारखी दुसरी राखण नाही. तुझी आई लावायची, तिची आई लावायची. मग मी का नको?”

तुळसानं रुंजीचं बोट हातात घेतलं, पदराच्या टोकानं पुसलं, नखाच्या कडेतली काळी रेघसुद्धा पुसली. मग फळीवरची मिश्रीची डबी उतरवली आणि अख्खी उकिरड्यात ओतली.

“आता रागावले, ओरडले, तर माझ्या वाटेला जाऊ नकोस हं,” ती म्हणाली. “ही सवय सरळ जाणारी नाही.”

आणि खरंच ती सरळ गेली नाही! मंगळवारी तुळसाचं डोकं दुखलं. बुधवारी ती शेजारणीकडे चिमूटभर मिश्री मागायला निघाली, दारापर्यंत गेली, आणि तिथूनच हंडा घेऊन पाण्याला वळली. शीळ नसल्यामुळे रुंजीच शेळ्यांच्या मागं दिवसभर पळायची. तिच्या पायांत काटे मोडले, पण शेळ्या साठला दोन कमी होत्या तेवढ्याच राहिल्या.

गुरुवारी मावळतीला मात्र दगडूमामांची कबरी शेळी दिसेना. तुळसा खाली बसली. “संपलं गं, रुंजे.”

रुंजी धापा टाकत बनात आली. कणी फांदीवर वाटच पाहत होती. रुंजीनं शेवटची इच्छा मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाभळींमागून खणखणीत आवाज आला, “कबरेऽऽ! ये कबरेऽऽ!”

दगडूमामा होते. त्यांच्या खांद्यावर छबू बसली होती. तिचा गाल उतरला होता आणि दाढेच्या जागी एक छोटंसं भोक होतं.

“मला तुळसेनं सांगितलं,” मामा म्हणाले. “शेळी माझीच ना? मग शोधायला मी नको?” त्यांनी घसा खाकरला. “डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी दोन दिवस गेले असते तर पोरीच्या अंगात विष पसरलं असतं. मला म्हणाली, कुणी पाठवलं तुम्हाला? मी काय सांगणार! जिला हाकललं, तिनं पाठवलं म्हणून?”

“कबरी तिकडे आहे!” छबू ओरडली. आणि खरंच, करवंदीच्या जाळीत कबरी आरामात रवंथ करत उभी होती.

“राखण तुमच्याकडेच राहील,” मामा म्हणाले. “आणि सोमवारी तुझ्या आईला गाडीत बसायला सांग. मला जायचंच आहे तिकडे. बाईनं माझंही तोंड उघडायला लावलं आणि अशी काही बोलली, की तंबाखूची चंची तिथंच राहिली.”

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तुळसाच्या दातांवरचा वर्षानुवर्षांचा काळा थर खरवडून काढला. एक दात मात्र वाचण्यातला नव्हता, तो काढावा लागला. त्यांनी मऊ ब्रश दिला. सकाळी एकदा घासायचं, आणि रात्री झोपण्याआधी एकदा. नंतर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. सुरुवातीला हिरड्यांतून रक्त येईल, तरी घाबरून थांबायचं नाही.

त्या दिवसापासून खोपटापुढं रोज दोनदा मायलेकी शेजारी शेजारी बसून दात घासू लागल्या. फेस होई, गुदगुल्या होत, कोण जास्त लांब चूळ टाकतं याची शर्यत लागे. शर्यत नेहमी तुळसाच जिंकायची. हळूहळू हिरड्यांचा लालभडक रंग गेला आणि त्या डाळिंबाच्या कळीसारख्या गुलाबी झाल्या. उरलेले दात घट्ट बसले. मग एका सकाळी, दात काढलेल्या फटीतून, एक नवीच शीळ निघाली. जुनीपेक्षा बारीक, थोडी नाचरी. शेळ्यांनी दोन दिवस तिला ओळखच दिली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सगळ्या वळून आल्या.

बाभळीची फुलं गळू लागली, तशी कणी रुंजीला भेटायला आली.

“एक इच्छा राहिली गं. फुलं संपली की मला जायला हवं.”

रुंजीनं खूप विचार केला. “कणी, मला आई आठवण करून देते आणि मी आईला देते. पण गावात कितीतरी पोरं दात न घासता तशीच झोपतात. मोठी माणसंसुद्धा! त्यांना कुणीतरी रोज रात्री हळूच आठवण करून द्यावी.”

कणी हसली. मोत्यांची ओळ झळकली. “मोठी इच्छा मागितलीस. एवढ्या घरांना पुरायचं, तर मला स्वतःलाच वाटून टाकावं लागेल.”

“मग तू परत दिसणार नाहीस?” रुंजी घाईघाईनं म्हणाली. “राहू दे. दुसरं काही मागते.”

“नको गं. काट्यात अडकून वाळून गेले असते मी. त्यापेक्षा हे किती छान!”

कणीनं पंख पसरले. अंगणाएवढा, मग बनाएवढा पिवळा उजेड पसरला. बाभळीचा एकेक काटा सोन्याचा झाला. आणि त्या उजेडात कणी विरून गेली, हजार इवल्या इवल्या ठिपक्यांत. ठिपके तरंगत तरंगत गावात शिरले, एकेका उंबऱ्यावर एकेक.

त्या रात्री सांजोळीत नवल झालं. पोरं अंथरुणात शिरली, आणि तशीच उठून बसली. ओठांवर काहीतरी गुदगुल्या करत होतं! घराघरांत चुळा भरल्याचे आवाज येऊ लागले. आणि दगडूमामांच्या ओट्यावरून छबूचा चढा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू आला, “आजोबा, ओठ काय खाजवताय? उठा, ब्रश घ्या!”