तेल्याची नात आणि दारातला हत्ती

किती राजे आले नि गेले याचा हिशेब कुणाकडं नाही, इतक्या जुन्या काळी एका गावात एक म्हातारा तेली राहत होता. तोंडानं तिखट, पण नातीवर भारी जीव. नातीचं नाव वेणू. पोर हुशार, आणि प्रश्न विचारून डोकं खाणारी.

"आजोबा, घाण्याचा बैल दिवसभर चालतो, मग तो पोचतो कुठं?"

"तुझ्या सासरी! गप बस की जरा."

असं खेकसायचा, आणि तिची पाठ वळली की गालात हसायचा.

पोरीच्या हुशारीचा गवगवा झाला. लग्नाला घालावी तशी दोन गुरुकुलांनी तिला मागणी घातली. राजधानीतल्या मोठ्या गुरूंनी हत्ती पाठवला. त्याच्यावर जरीची झूल, आणि माहुताकडं निरोप: पोर आमच्याकडं द्या, जेवण, कपडा, विद्या, सगळं फुकट.

नदीकाठच्या गुरुजींनी काही पाठवलं नाही. ते स्वतःच चालत आले. पाय चिखलानं माखलेले.

वेणूनं त्यांनाही बैलाचंच विचारलं. गुरुजींनी डोकं खाजवलं. "मला नाही बुवा माहीत. चल, त्याच्या मागं चालून बघू." आणि दुपार टळेपर्यंत दोघं बैलामागं गोल गोल फिरत राहिली.

म्हातारा वैतागला. "ज्याला स्वतःला माहीत नाही, तो शिकवणार काय, कपाळ?" आणि खरं सांगायचं तर, दारात हत्ती उभा राहिल्यापासून अख्खं गाव त्याला तात्यासाहेब म्हणू लागलं होतं. त्यानं नातीला हत्तीवर चढवलं.

दिवाळीला वेणू घरी आली. नीटनेटकी, शहाणी. काहीही विचारा, धडाधड उत्तर. गावानं तोंडात बोटं घातली.

पण घाण्यापाशी बसली, ती नुसतीच बसली. म्हातारा वाट बघत राहिला. शेवटी न राहवून त्यानं मुद्दाम बैल उलटा जुंपला. बैलसुद्धा गोंधळला. पोर ढिम्म.

"अगं, काही चुकलंय असं नाही वाटत तुला?"

"दिसलं की, आजोबा. पण आमच्याकडं प्रश्न फक्त गुरूंनी विचारायचे. आपण उत्तरं द्यायची."

म्हाताऱ्याची नजर बैलाच्या डोळ्यांवरच्या झापडांवर गेली, आणि तिथंच अडकली. जन्मभर "गप बस" म्हणणाऱ्या माणसाला घरातली शांतता खायला उठली.

हत्ती न्यायला आला, तेव्हा त्यानं तो रिकामाच परत धाडला.

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलं," गाव म्हणालं.

"फिरलं होतं. आत्ता कुठं जाग्यावर आलंय!"

नातीचा हात धरून तो नदीकाठी गेला. गुरुजी लगबगीनं पुढं आले. "काय गं वेणू, बैल पोचला का कुठं?"

वेणूनं घाबरून आजोबांकडं बघितलं.

"बोल की! आता का दातखीळ बसली?"

पोर हळूच म्हणाली, "नाही पोचला. पण गुरुजी, त्याची झापडं काढली तर तो कुठं जाईल?"

"घ्या! झाली हिची चक्की सुरू," म्हातारा डाफरला, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत एकटाच घरी निघाला.

पोरासाठी शाळा निवडताना दारातला हत्ती बघू नये. पोराचे प्रश्न तिथं जिवंत राहतात का, ते बघावं.