तरंगा हलत असताना

"...मग धरणाच्या पाण्यावर जावं, की नदीच्या डोहावर, की सरळ एखादं गावतळं गाठावं? बुवा, तुम्ही बोट दाखवाल तिथं जातो."

दौलतराव इंगवले मठाच्या ओट्यावर बसून हे विचारत होते, तेव्हा मी आत कणीक मळत होतो. हात परातीत आणि कान बाहेर. भवानगिरी बुवांच्या मठात स्वयंपाक माझ्याकडे, आणि आल्यागेल्याचं ऐकणंही माझ्याकडेच.

बुवा तरुणपणी नदीकाठानं पायी हिंडलेले. त्यामुळं पाण्याचं काही असलं की लोक त्यांना विचारायला येतात. विहीर कुठं खणू, बोअर कुठं मारू. पण सहलीला मासे धरायला कुठं जाऊ, हे विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत बायकोमुलीला घेऊन पाण्याकाठी तंबू ठोकायचा आणि गळ टाकून बसायचं, हा दौलतरावांचा रिवाज. त्यांच्या ओसरीवर म्हणे मोठमोठ्या माशांचे फोटो टांगलेत. माणूस वाईट नाही. पण बोलायला लागला की समोरच्याला जांभई यावी.

"पाण्यातलं मला कळत नाही असं नाही बरं का," ते म्हणाले. "खोली कळते, ओढ कळते. कुठला मासा कुठं बसतो ते मी वासावरनं सांगतो. फक्त या वेळी..."

"या वेळी काय?"

"या वेळी पाणी भरवशाचं पाहिजे."

बुवा म्हणाले, "मग डोहावर जा."

"डोह नको!"

हे दौलतराव नव्हते. त्यांच्या मागं खांबाला टेकून बसलेल्या सुलभाताई एकदम ओरडल्या होत्या. त्यांनी मांडीवरच्या मुलीला असं काही आवळलं की पोरीचा चेहरा लाल झाला.

कस्तुरी तिचं नाव. दुसरीतलं पोर. आल्यापासून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. मी गूळ दिला तर मानेनंच बरं म्हणाली.

"बरं, डोह नको," बुवा म्हणाले. "धरण?"

"धरणात खाली बुडालेल्या गावाच्या विहिरी आहेत," सुलभाताई म्हणाल्या. "पाय गेला तर..."

"तळं?"

"तळ्यात वेली असतात. पायात अडकतात."



दौलतराव खाली बघून म्हणाले, "गेल्या वर्षी डोहावर पोरगी पाण्यात पडली, बुवा. खडकाला शेवाळ होतं. पाणीच वाईट ते. पलीकडच्या काठाला एक धनगर होता, त्यानं आरोळी ठोकली म्हणून मी वळून बघितलं. केसाला धरून वर काढली."

"तू कुठं होतास?"

"तिथंच. दोन हातांवर."

"आणि वळून बघितलंस?"

 खरं सांगतो, तेव्हा मलाही त्या प्रश्नाचा रोख कळला नव्हता.

सुलभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेव्हापासून ही मोठ्यानं बोलतच नाही. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणत नाही. नुसती कुजबुजते. डॉक्टर म्हणाले घसा ठणठणीत आहे, भीती बसलीय. हे म्हणतात, पुन्हा पाण्यावर नेली की भीती जाईल. आणि मला वाटतं, पुन्हा नेली तर ही परत यायची नाही. रोज तेच स्वप्न पडतं मला. पाणी दिसतं आणि ही दिसत नाही..."

"म्हणून तर विचारायला आलो," दौलतराव म्हणाले. "असं पाणी सांगा की पोरगी पुन्हा पहिल्यासारखी होईल. पहिली कशी बडबडी होती, बुवा! घर डोक्यावर घ्यायची."

बुवा उठले.

"गळ आणलायस?"

"गाडीत आहे."

"आण. मठाच्या तळ्यात टाक."

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. मठाच्या तळ्यात गळ टाकायचा नाही, हा नियम बुवांचाच! एकदा तालुक्याचे मोठे साहेब गळ घेऊन आले होते, तर यांनी त्यांना चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं होतं. आणि आज हे! वर माझ्याच परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि दौलतरावांच्या हातावर ठेवला. "हे लाव."

मी काय बोलणार? हात पुसले आणि मागोमाग घाटावर गेलो.

घाटाच्या पायऱ्या दगडी. खालच्या ओल्या, हिरव्या. सुलभाताई वरच्या पायरीवरच थांबल्या. मुलीचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"सोड तिला," बुवा म्हणाले. "मी आहे."

"नको हो बुवा..."

"मी आहे म्हणतो ना."

बुवा कस्तुरीचा एक हात धरून तिला घेऊन मधल्या पायरीवर बसले. दौलतराव खाली पाण्याशी उभे राहिले आणि त्यांनी गळ टाकला. दोरीला बांधलेलं लाल बूच पाण्यावर उभं राहिलं. त्याला ते तरंगा म्हणतात. मासा खालून गळाला तोंड लावतो तेव्हा तरंगा हलतो, आणि गळवाल्याची नजर त्यावरून ढळायची नाही.

दौलतरावांची नजर तिथं जी चिकटली, ती चिकटलीच. घटकाभरापूर्वी बडबडणारा माणूस, आता त्याचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

आणि कस्तुरीनं दुसरा हात उचलला आणि आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

बुवांनी ते बघितलं. मीही बघितलं.

बुवा हळूच म्हणाले, "पोरी, तोंडावर हात का गं?"

तिनं मान हलवली.

"मला सांग. कानात सांग."

ती त्यांच्या कानाला लागली. पण घाट इतका शांत होता की ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"तरंगा हलत असताना आवाज करायचा नाही. मासे पळतात. बाबा रागावतात."

सुलभाताई दोन पायऱ्या खाली उतरल्या.

"मग त्या दिवशी," बुवांनी विचारलं, "तू पडलीस तेव्हा..."

"तरंगा हलत होता," कस्तुरी म्हणाली.

...



मी दौलतरावांची पाठ बघत होतो.  त्यांनी मागं वळून बघितलं नाही. त्यांची हिंमत झाली नसावी, मला तरी ती झाली नसती. पोरगी बुडत होती, बाप दोन हातांवर होता, आणि तिनं हाक मारली नाही. कारण ती शहाणी होती. कारण ती सांगितलेलं ऐकणारी होती.

"मी तिला विचारलंच नाही," सुलभाताई पुटपुटल्या. "देवा... वर्षभर सगळ्यांना पाण्याचंच विचारत बसले."

तेवढ्यात तरंगा हलला.

एकदा. मग पुन्हा. मग तिरका झाला. मठाच्या तळ्यातले मासे कधी कुणी धरलेले नाहीत. काय मोठा असेल तो, देव जाणे.

कस्तुरीचा तोंडावरचा हात आणखी आवळला. बोटं पांढरी पडली.

"दौलत," बुवा म्हणाले, "तिला सांग, ओरड म्हणावं."

दौलतरावांनी तोंड उघडलं.

"ओरड, बाळा..."

ते त्यांनी कुजबुजत म्हटलं! सवय हो. आयुष्यभराची सवय. तरंगा हलत असताना त्यांच्या गळ्यातून आवाजच निघेना.

पोरीनं मान हलवली. नाही.

"तूच कुजबुजतोस," बुवा म्हणाले. "तिला कसं खरं वाटावं?"

 दौलतरावांच्या कपाळावर घाम आला. एवढा धिप्पाड माणूस एका लाल बुचाला भ्यायलेला मी डोळ्यांनी बघितला. तरंगा खाली जायला लागला होता... अर्धा... आणखी थोडा...

आणि दौलतरावांनी अशी आरोळी ठोकली की मठाच्या देवळातले पारवे फडफडून उठले.

शब्द नव्हता त्यात. नुसता आवाज. दोन्ही हात वर गेले, गळाची काठी सुटली, पायऱ्यांवर आपटली आणि घसरत पाण्यात गेली. ते वळले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

"ओरड गं!" ते म्हणाले. "ओरड माझे आई! पळू देत मासे. सगळे पळू देत!"

कस्तुरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पाण्याकडे बघितलं. तरंगा कुठं दिसत नव्हता.

तिनं तोंडावरचा हात हळूहळू खाली घेतला.

"बाबा," ती म्हणाली. बारीक आवाजात.

"मोठ्यानं!"

"बाबा..."

"आणखी मोठ्यानं, बाळा!"

"बाबा!" ती किंचाळली. "बाबा, मी पडले! बाबा, मी पडले! मी पडले, बाबा!"

पलीकडच्या काठावरून तो आवाज फिरून आला.  दौलतराव पायऱ्या चढून आले, तेही धड चालत नाही, रांगतच, आणि त्यांनी पोरीला उचलून छातीशी धरलं. ती ओरडायची थांबेना. ते तिला थांब म्हणेनात. तिच्या हाकेला ते दर वेळी ओ देत होते.

पुष्कळ वेळानं तिचा आवाज बसला, तेव्हा कुठं घाट शांत झाला.

मी आत जाऊन पाणी आणलं. चुलीवरचा तवा केव्हाच करपला होता, त्याचं मेलं कुणाला काय.

दौलतरावांनी पोरीला पाणी पाजलं, उरलेलं स्वतः प्यायले. पोरगी खांद्यावर मान टाकून पेंगत होती, आणि तिचा हात आता त्यांच्या कॉलरीत होता.  मग बुवांकडे वळून, अगदी हळू, लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"बुवा... मग कुठल्या पाण्यावर जाऊ?"

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतराला लागलेली कणीक झटकली.

"कुठंही जा. मासे बाजारातून घे."