एकाच बटणाचं ॲड-ऑन

कोल्हापूरच्या एका छापखान्यात वैजयंतीने जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं, संगणकावरच्या प्रोग्रॅमला जोडायचं छोटंसं ॲड-ऑन केलं. बटण एकच. सगळे खूश, फक्त मालक दादासाहेब सोडून. आठवडाभर त्यांचा एकच हेका.

"एवढंसंच? यात राशिभविष्य, हवामान, गाणी घाला. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्याकडे!"

वैजयंती शांतपणे म्हणाली, "घालते. आधी तुमचं ऐकायचं यंत्र द्या. त्यातही गाणी, हवामान, भविष्य सगळं बसवून आणते."

दादासाहेबांचा हात झटकन कानाकडे गेला. "डोकं ठिकाणावर आहे का? मग समोरच्याचं बोलणं मला कसं ऐकू येणार?"

"आठवडाभर मी हेच सांगतेय, दादासाहेब. यंत्रात अजून गाणी नाहीत, म्हणून आज ऐकू तरी आलं."