अडकली की आडकली?

बोअरमध्ये अडकलेली मोटार बाहेर काढावी, तर ती बार्शीच्या इंदुमती ढोबळ्यांनीच. पण वेबसाइट काढून तीन महिने झाले तरी एकही फोन आला नव्हता. आता दोन्ही कामगारांना घरी बसवायची पाळी आली होती.

बाईंनी वेबसाइट करणाऱ्या भागवतसाहेबांना पुण्याहून बोलावलं. लोक मोबाइलवर ज्या शब्दांनी शोधतील, ते शब्द साहेबांनीच निवडले होते : 'भूजल-उपसा तांत्रिक सेवा'.

"त्यापेक्षा 'बोअरमध्ये मोटार अडकली' असं घाला," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. "असलं गावंढळ कोण लिहितं, बाई?"

"बरं. तुम्ही स्वतःसाठी मोबाइलवर शेवटचं काय शोधलंत, तेवढं वाचा."

साहेबांनी रुबाबात मोबाइल उघडला आणि लगेच ते तो तळहाताने झाकू लागले. बाईंनी वाकून वाचलं, 'केस गळतात काय करू'.

"'केशसंवर्धन तांत्रिक सेवा' नाही लिहिलंत? ज्याचं दुखतं तो दुखणंच लिहितो, साहेब."

कामगार खो-खो हसले. साहेबांनी निमूटपणे आपले शब्द पुसले. "'अडकली' लिहू की 'आडकली'?"

"दोन्ही लिहा. पाणी बंद पडलेला माणूस शुद्धलेखन बघत नाही."

चौथ्या दिवशी फोन वाजला. "बाई, मोटार आडकलीया, लवकर या!"

दोन्ही कामगार आधीच गाडीत चढले होते.