परवानगीचा ठेचा

"परवानगी नव्हती, मग पैसेही नाहीत!" भैरवगडच्या विसोपंत कारभाऱ्यांनी ठणकावलं आणि ठकूच्या तोंडचं पाणी पळालं.

तिचा नवरा धारोजी राजाचा शिलेदार, स्वतःची घोडी घेऊन लढणारा. शिपायांच्या पगारातून दवापाण्यासाठी दरमहा काही रक्कम कापून घेत आणि दुखण्याचा खर्च राजा करी. गस्तीवर धारोजीची मांडी फाटली. ठकूने त्याला शेजारच्या गावच्या वैद्याकडे नेलं, म्हणून तो वाचला. पण परक्या वैद्याकडे जायचं तर आधी परवानगीच्या कागदावर पंतांची मोहोर हवी! आता वैद्याचे पैसे चुकते करायला घोडी विकायची आणि घोडी गेली की चाकरीही गेली.

ठकू थेट राजापुढे उभी राहिली. "सरकार, रक्ताची धार लागली हुती! मोहोरेसाठी गड चढले असते, तर माझं कुंकूच पुसलं असतं!"

राजा उदाजीराव हटवादी. "घटकाभरही थांबता येऊ नये, असं काय असतं? उद्या दरबारात दाखव! पण कुणी आजारी पडायचं नाही, जखमी व्हायचं नाही. जमलं तर पैसे, नाहीतर घोडी विक!"

"दाखवते. पण उद्याबी मोहोरेबिगर कुणाला कायबी द्यायचं न्हाई!"

"मंजूर!"

दुसऱ्या दिवशी ठकूने राजापुढे गरम भाकरी आणि लवंगी मिरचीचा ठेचा वाढला.

"तिखट खाण्यात आमचा हात कोण धरणार?" म्हणत राजाने भला मोठा घास घेतला. कान लाल झाले. डोळे वाहू लागले. मग असा ठसका लागला की पागोटंच खाली पडलं!

"पाणी! पाणी!"

हुजऱ्या तांब्या घेऊन धावला. ठकू आडवी आली. "परवानगी, सरकार?"

"पंत, मोहोर आणा!"

"मोहोर पेटीत आहे, महाराज," पंत चाचरले, "आणि पेटीची किल्ली घरी."

"मग धावा!"

"धावतो. पण आधी महाराजांचा अर्ज..."

"अहो, जीव चाललाय माझा!" राजा थयथयाट करू लागला.

"घटकाभर थांबा की, सरकार!" ठकू म्हणाली. "तुमाला मिरचीच लागलीया. आमचं धनी तर रक्तात पडलं हुतं!"

राजाने तांब्या हिसकावला आणि घटाघटा रिकामा केला. मग राजा जो हसत सुटला, तो पुन्हा ठसका लागेपर्यंत.

"हरलो, बाई! वैद्याचे पैसे खजिना देईल आणि हे सोन्याचं कडं तुला. आजपासून आधी औषध, मग मोहोर!"

"आणि हा उरलेला ठेचा, महाराज?" हुजऱ्याने विचारलं.

"पंतांना वाढा! पाणी मात्र त्यांचा अर्ज आल्यावर!"